मांडीवरचा खिसा

हिरामावशीच्या दहाव्याला मी तिच्या गावी, पोशीरला गेले होते. तिथे पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ मला म्हणाले, "बाई फार शांत होती हो." गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मलाही कळतं. पण चांगलं आणि खोटं यात काही फरक आहे की नाही? हिरामावशी शांत? अहो, ती आमच्या नेरळच्या बिल्डिंगच्या फाटकातून आत आली की तिसऱ्या मजल्यावर आमच्या कुकरची शिट्टी ऐकू यायची नाही. "गाऊन हायेत, परकर हायेत, नवीन डिझायन हाय, कोन घेतंय गं?" असा पुकारा सुरू व्हायचा आणि दुपारी जरा कुठे डोळा लागलेल्या बायका कपाळाला हात लावून उठून बसायच्या. वॉचमनने एकदा तिला अडवून पाहिलं. "फेरीवाल्यांना बंदी आहे" म्हणाला. तर म्हणे, "फेरीवाली कोन? मी मावशी हाय सगळ्यांची." तेव्हापासून तो तिच्यासाठी फाटक उघडायचा आणि आपण बाजूला उभा राहायचा.

ठेंगणी, काळीसावळी, गुडघ्याच्या जरा खाली येणारं लुगडं आणि डोक्यावर हे एवढं गाठोडं. आमच्याकडे लिफ्ट आहे, पण ती कधी लिफ्टमध्ये चढली नाही. "बंद डब्यात कोन जाईल? बायर काय चाललंय ते दिसाया नको?" म्हणायची आणि तिन्ही जिने गाठोड्यासकट चढून यायची. प्रत्येक मजल्यावर कुणाच्या घरी काय शिजतंय याची बातमी तिला आपोआप मिळायची. ती पुढच्या मजल्यावर पोचवायचं काम ती धर्मादाय करायची.

तिचे काही कपडे बाजारातून आणलेले असायचे, काही घरी पायमशीनवर स्वतः शिवलेले. टेप तिने कधी वापरली नाही. हाताची वीत घालून माप घ्यायची, आणि तेही डोळ्यांनी आधीच ठरवून झालेलं असायचं. त्यामुळे तिचा गाऊन कायम थोडा ढगळ व्हायचा. तक्रार केली की उत्तर तयार, "आज मोठा हाय, पोरं झाली की बसंल." ज्यांची पोरं कॉलेजात होती त्यांनाही हेच उत्तर. आणि गिऱ्हाइकाला ती 'नाही' कधी म्हणायची नाही. "नाय म्हनलं की गिऱ्हाईक तुटलं. उद्या म्हनायचं." तिच्याकडे जगातली प्रत्येक वस्तू उद्या मिळायची.

पण मावशीचं खरं वैभव तिच्या कनवटीत होतं. लुगड्याचं कमरेला खोचलेलं टोक, बस, एवढंच ते. आणि त्यात काय नव्हतं! रुमालात गुंडाळलेला मोबाइल, घराची किल्ली, सेफ्टी पिनांचा झुबका, सुपारी, सुट्टे पैसे, एकदा तर अर्धं लिंबू निघालं. बोलता बोलता हात कमरेला जायचा, न बघता नेमकी वस्तू काढायची आणि परत खोचायची. जिने चढो, वाको, गाठोडं उचलो, काही पडायचं नाही. मी एकदा गमतीने म्हटलं, "मावशी, बघू काय काय आहे?" आणि हात पुढे केला. फाडकन माझ्या हातावर चापट बसली. "बाईच्या कनवटीला कोनी हात लावायचा नसतो. नवऱ्यानं पन नाय."

आता माझं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजायचं नाही. रिक्षा उलटली, पाठीचा कणा गेला, तेव्हापासून कमरेखाली मला काही कळत नाही. व्हीलचेअर मी माझ्या हातांनी चालवते. हे रडगाणं नाही, रडून झालंय केव्हाच. डोकं फिरायचं ते कपड्यांवरून. गाऊन घातला की त्याचा घेर पुढच्या छोट्या चाकात. बाजारात हल्ली खिशाच्या कुर्त्या मिळतात, सगळ्या बायका काय खूश! पण तो खिसा शिवलेला असतो उभ्या बाईसाठी. बसलं की त्याचं तोंड मागे वळतं आणि फोन घरंगळून जातो सीटच्या फटीत. भावाची सहा खिशांची पँट घालून पाहिली. तिचे खिसे येतात मांडीच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे खुर्चीच्या हातात दाबलेले. वर मागच्या खिशाची जाड शिवण खाली रुतते, आणि ती रुतते हे मला कळत नाही, कळतं ते जखम झाल्यावर. खास व्हीलचेअरवाल्यांसाठी केलेले कपडे इंटरनेटवर पाहिले. फार सुंदर. किंमत पाहिली आणि फोन उलटा ठेवला. म्हणजे चालता येत नाही म्हणून दंड भरायचा, असं दिसतंय.

त्याच सुमारास बाजारातल्या एका दातांच्या दवाखान्यात मला रिसेप्शनचं काम मिळत होतं. पायरी नाही, डॉक्टरीणबाई चांगल्या, घरापासून रस्ता सरळ. मी एकटी जाऊ शकत होते. पण आई तयार नव्हती. कारण मागे एकदा मी एकटी बाहेर पडले तेव्हा पुढचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं आणि धक्क्याने मांडीवरचा फोन उडून रस्त्यात पडला. हात पुरणार नाही एवढ्या अंतरावर. आई तिकडून फोन करतेय, फोन वाजतोय, 'आई' असं नाव मला दिसतंय, आणि मी बसलेय. शेवटी एका टेंपोवाल्याने उतरून दिला. तोपर्यंत आई अनवाणी रस्त्यावर आली होती. तेव्हापासून तिचं एकच, "फोन अंगावर राहत असेल तर जा. नाहीतर मी बरोबर येणार." चाळिशीतल्या बाईबरोबर रोज कामावर आई! मला तर मरण बरं वाटायला लागलं. आणि तिचंही चुकत नव्हतं, हाच तर सगळा वैताग.

या भांडणाच्या ऐन मध्यात हिरामावशी दारात आली. आईने नेहमीप्रमाणे एक परकर पसंत केला आणि माझ्या खुर्चीच्या मागे अडकवलेल्या पिशवीत हात घालून माझं पाकीट काढलं. मावशी बघतच राहिली.

"ही पिशवी कुनाची?"

"माझी," मी म्हटलं.

"मग हिनं कसा हात घातला?"

"अगं, माझा हात मागे पोचत नाही. जो जवळ असतो तो काढून देतो."

"जो असंल तो?" मावशीचा आवाज वर चढला. "रस्त्यात कोन असंल तो पन? बाईचं समदं पाठीमागं टांगलंय आनि गाव त्यात हात घालतंय! आनि तू गप बसतीस?"

आई ओशाळली. खरं सांगते, तोपर्यंत मला या गोष्टीचा त्रास व्हायचा, पण तो नेमका कशाचा हे सांगता यायचं नाही. मावशीला ते एका नजरेत दिसलं. मला एकदम रडू आलं आणि त्याचाही राग आला. मावशीने गाठोडं बांधलं आणि म्हणाली, "कनवट करून देते तुला. उद्या."

तिचा उद्या आठवड्याने उगवला. गुलाबी रंगाचा ब्लाउजसारखा आखूड कुर्ता, छातीवर पुरुषांच्या शर्टाला असतो तसा खिसा. मी म्हटलं, "मावशी, वाकल्यावर पडेल." म्हणाली, "माझा हात बसलाय, काय पडत नाय." आईला घेऊन त्याच संध्याकाळी बाजारात गेले. उतारावर तोल सावरायला पुढे वाकले, आणि फोन थेट एका कोळणीच्या टोपलीत, बांगड्यांवर. कोळीण म्हणाली, "ताई, हा पण तोलून देऊ?" फोनला नंतर कितीतरी दिवस वास येत होता.

मावशीला हे सांगितलं तर तिने चूक कबूल केली असेल असं वाटतं का तुम्हाला? छे! "फोन गुळगुळीत घेतलास तू," म्हणाली. मग दुसरा प्रयोग. कनवट कमरेला असते, म्हणून तिने पोटावरच पिशवीसारखा मोठा खिसा लावला. त्यात फोन, पाकीट, किल्ली, पाण्याची छोटी बाटली सगळं मावलं. पडलं काहीच नाही, हे कबूल करायला हवं. पण लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकूंनी माझ्या पोटाकडे बघितलं, मग आईकडे बघितलं, आणि हळूच विचारलं, "बातमी कळवली नाहीत?" माझं लग्नही झालेलं नाही हो! आई दोन दिवस जिन्याने जात होती.

मी तो कुर्ता मावशीच्या अंगावर फेकला. "जमत नसेल तर सोड. उगाच हात दाखवून अवलक्षण!" मला वाटलं, आता बाई भांडेल. ती भांडली नाही. खुर्चीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एक दिस खुर्ची दे."

"आणि मी?"

"तू झोप की गादीवर. रोजच बसतीस."

अशी उद्धट मागणी मी आयुष्यात ऐकली नव्हती. आणि मी हो म्हटलं! अजूनही समजत नाही का. आईने आणि तिने मिळून मला पलंगावर टेकवलं, आणि ही बाई लुगडं सावरून माझ्या खुर्चीत बसली. लिफ्टने खाली गेली. बंद डब्यात न जाणारी हिरामावशी, पहिल्यांदाच.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. तिला खुर्ची सरळ चालवता येईना. फाटकापाशीच वॉचमनवर आदळली. तशीच बाजारात गेली. आता नेरळचा बाजार म्हणजे पोशीरचं अर्धं गाव रोज तिथे. कुणीतरी पाहिलं, हिराबाई चाकाच्या खुर्चीत. झालं! फोन फिरले. हिराबाईला अर्धांगवायू झाला. कुणी म्हणे पाय कापले. कुणी तर पाय कापताना दवाखान्यात स्वतः हजर होता. दुपारपर्यंत तिच्या अंगणात माणसं जमली, चुलत जावेने गळा काढला, आणि तिची खालापूरकडे दिलेली लेक नवऱ्याला कामावरून ओढून, टमटम करून रडत रडत पोशीरला पोचली. घरात आई नाही. मग तर काय, आकांतच.

आणि त्या वेळी हिरामावशी बाजारात भांडत होती. एका बाईने न विचारता मागून खुर्ची ढकलायला सुरुवात केली, तिच्याशी. कपड्याच्या दुकानदाराने ढकलणाऱ्या बाईलाच विचारलं, "यांना काय पाहिजे?", त्याच्याशी. एकाने तिच्या मांडीवर नाणं ठेवलं. ते तिने त्याच्या अंगावर असं भिरकावलं की तो दोन पावलं मागे सरला. वर त्याला ऐकवलं, "मी तुझ्या बायकोला गाऊन इकते रं, भिकारी कोनाला म्हनतोस?"

संध्याकाळी आली ती लालबुंद होऊन. मागोमाग तिला शोधत लेक, जावई, चुलत जाऊ. लेक खुर्चीतून उठणाऱ्या आईला बघून आधी ओरडली आणि मग तिच्याच गळ्यात पडली. जाऊ म्हणाली, "आगं, मेलीस म्हनून आमी सैपाक पन नाय केला!" मावशीने कुणाकडे लक्ष दिलं नाही. माझ्या पलंगाशी आली.

"माझी कनवट काय कामाची नाय गं," म्हणाली. "बसलं की कंबर ऱ्हातेच कुठं? घडीत जाते. बोटं शिरत नायत. दोनी हात चाकावर, मान खाली, आनि समदं जग डोक्यावरनं बोलतंय." मग पलंगाच्या कडेला टेकली. "मी एकच दिस बसले. तोंड उघडायची पन ताकद ऱ्हायली नाय शेवटी."

हिरामावशीला तोंड उघडायची ताकद राहिली नाही हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी तिचा हात धरला. तिने तो थोडा वेळ धरू दिला, मग झटकला आणि माझ्या मांडीवर वीत टाकली. "हितं. म्होरं काय हाय बसलेल्या मान्साच्या? मांडी हाय. सपाट, डोळ्यांम्होरं. हितं खिसा."

तोही एका दमात जमला नाही. पहिल्या पायजम्याचा खिसा गुडघ्याच्या फार जवळ आला, हात पोचेना. दुसऱ्याचं झाकण उलट्या बाजूने लागलं. मी ओरडायची, ती ओरडायची, आई दोघींना चहा द्यायची. शेवटी एक निघाला. साधा सुती पायजमा, कमरेला इलॅस्टिक, पाठीमागे उंच, पुढे खाली, म्हणजे बसल्यावर पोटाशी चोळामोळा नाही आणि कंबर उघडी नाही. खाली बसायच्या जागी एकही शिवण नाही. दोन्ही मांड्यांवर खिसे, तोंड पोटाकडे, त्यावर झाकण आणि खरखर वाजणारं वेल्क्रो. उतारावर फोन घसरला तर खिशाच्या तळाशीच जाईल, चढावर झाकण धरून ठेवेल. शिवाय आतल्या बाजूला इलॅस्टिकपाशी एक छोटा चोरखिसा. तो कुठे आहे हे मी तुम्हालाही सांगणार नाही. आईलाही माहीत नाही.

मग परीक्षा झाली. मावशीने मला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं. पुढे वाकवलं. खुर्ची उंबऱ्यावरून धाडकन खाली घेतली. आई तोंडावर हात ठेवून उभी. फोन जागेवर. मग मावशी आईला म्हणाली, "कर फोन." आईने समोर उभं राहून मला फोन केला. माझी मांडी वाजायला लागली, मला ती थरथर कळत नव्हती, पण आवाज आला, हात गेला, झाकण उघडलं, "हॅलो" म्हटलं. दोन हातांच्या अंतरावर उभी असलेली आई फोनमध्ये म्हणाली, "जा." आणि वळून स्वयंपाकघरात गेली. पुढच्या सोमवारी मी एकटी कामावर गेले.

मावशीला आता नवीनच चेव आला. मांडीवरच्या खिशाचा पायजमा तिच्या गाठोड्यात कायमचा दाखल झाला. खुर्चीतलं माणूस दिसलं की ती त्याला रस्त्यात गाठायची आणि सरळ मांडीवर वीत टाकायची. कर्जतचे एक रिटायर्ड मास्तर या प्रकाराने इतके घाबरले की त्यांनी मदतीसाठी हाक मारली. नंतर त्यांनीच चष्म्याच्या मापाचा खिसा करून घेतला आणि दुसऱ्या रंगात अजून एक. भाव तिने वाढवला नाही. मी म्हटलं, मेहनत जास्त आहे, थोडे जास्त घे. तर माझ्यावरच उखडली. "बसलंय म्हनून जादा घेऊ? उलट मागचे खिसे वाचले, कापड कमीच लागतं." कौतुक मात्र ती वसूल करायची. कुणीही विचारलं की, "हे डिझायन माझं हाय" म्हणून सांगायची. कोळणीच्या टोपलीचा उल्लेख तिने कधी केला नाही. मी केला तर म्हणायची, "तो फोन गुळगुळीत होता."

तिची छाती दुखायची हे तिने कुणाला कळू दिलं नाही. लेकीला नाही, मला तर नाहीच. "उद्या दाखवते डाक्टरला," एवढंच एकदा आईजवळ बोलली होती. तो उद्या काही आला नाही. या एका गोष्टीसाठी मी तिच्यावर अजून रागावलेली आहे.

शेवटची दिसली ती भाताच्या कापणीच्या दिवसांत. दवाखाना दुपारी लवकर बंद झाला होता. घरी जायचं सोडून मी खुर्ची पोशीरच्या रस्त्याला वळवली. का? उगाच. ऊन कोवळं होतं, रस्ता बरा होता, दोन्हीकडे पिवळी शेतं आणि लांब माथेरानचा डोंगर. किती वर्षांत मी 'उगाच' कुठे गेले नव्हते. बरीच पुढे गेले. रस्त्याच्या कडेला थांबून शेंगदाणे खात बसले होते, तेवढ्यात मागून टमटम आली. मागच्या सीटवर गाठोडं मांडीवर घेऊन हिरामावशी. आमच्याच घरून परत निघालेली.

तिने मला पाहिलं आणि कमरेपर्यंत बाहेर आली. "ए सुजा!" सगळ्या शेतांना ऐकू जाईल असा आवाज. कापणीच्या बायका सरळ उभ्या राहून बघायला लागल्या. "तुझ्या घरी गेलते! तुझ्या आईला इचारलं, सुजा कुठं हाय? तर म्हनते, मला काय ठाव, येईल की!" टमटम पुढे निघून गेली तरी ती हात वर करून हसत ओरडतच होती, "आईला ठाव नाय तू कुठं हायेस! ठावच नाय!" ड्रायव्हर तिला हात आत घ्या, हात आत घ्या म्हणून विनवत होता, आणि ती काही घेत नव्हती.